पडद्याआडचे दोन प्रश्न

सुलभाक्कांना ओळखत नाही असा माणूस बंगळुरातल्या दासरहळ्ळीत शोधायचा, तर कालच्या गाडीनं उतरलेलाच बघावा लागेल. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पाठीला एक तीस खाटांचं धर्मादाय हॉस्पिटल आहे. दारात चिंचेचं झाड, म्हणून सगळे त्याला कन्नडात हुणसेमर आस्पत्रे म्हणतात. पाटीवरचं खरं नाव सांगाल तर ऑटोवाला तुम्हाला भलतीकडेच नेऊन सोडेल. आत शिरलं की पहिलं टेबल सुलभाक्कांचं. बावीस वर्षं त्या तिथं बसतात. मूळच्या निपाणीच्या, लग्न होऊन बंगळुरात आल्या. घरात मराठी, दारात कन्नड, आणि बिहारकडचा कामगार आला तर मोडकीतोडकी हिंदी.

चिठ्ठी लिहायची आणि नंबर द्यायचा, यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण या हॉस्पिटलाची एक रीत आहे. बाई पेशंट आली, की तिच्याबरोबर कोणी का असेना, नवरा, सासू, भाऊ, कारखान्यातला सुपरवायझर, त्याला बाहेर चिंचेखाली बसवायचं. बाईला टेबलामागच्या पडद्याआड न्यायचं आणि दोन गोष्टी विचारायच्या. पाळी कधी आली होती, आणि चारचौघांत सांगता येत नाही असं काही आहे का. मग चिठ्ठीवरच्या दोन चौकटींत खूण करायची. ही रीत पाडली शिवकुमार डॉक्टरांनी, ज्यांनी हे हॉस्पिटल उभं केलं. नवा माणूस कामाला लागला की ते एवढंच सांगतात, "मोठ्या हॉस्पिटलात मशिनं आहेत. आपल्याकडे काय आहे? विचारायला वेळ आहे. तोही दिला नाही, तर हे दार बंद केलेलं बरं."

माणसांना बाहेर काढण्यात सुलभाक्कांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "अण्णा, स्वल्प बाहेर बसा," म्हणायच्या, आणि अण्णा हलला नाही तर चष्म्यावरून नुसतं बघायच्या. एकदा एका नगरसेवकाच्या मेहुण्याला त्यांनी भर उन्हात चिंचेखाली बसवलं होतं, आणि ती गोष्ट वर्षातून चारदा तरी सांगत. गर्वाचं घर खाली असतं, ते काही उगाच नाही म्हणत.

झालं असं. सोमवारी सकाळी, रांग दाराबाहेर गेलेली, तेव्हा साठीचा एक माणूस सुनेला घेऊन आला. नाव खंडोजी, एका गोदामावर वॉचमन. सून कावेरी, बावीस-तेवीसची, नवरा लॉरीवर परमुलखात गेलेला, डोक्यावर पदर आणि एका हातानं पोट धरलेलं. खंडोजींनी तोंड उघडलं आणि सुलभाक्कांचं पेन थांबलं.

"पित्त झालंय बगा हिला. दोन दिस झालं, पोटात काय ठरंना."

"कुठले तुम्ही?"

"निपाणीचं."

"निपाणीत कुठं?"

झालं. पुढची दहा मिनिटं त्या टेबलापाशी हॉस्पिटल उरलंच नाही. खंडोजी तरुणपणी ज्या तंबाखूच्या वखारीत पोती उचलत, तिथंच सुलभाक्कांचे वडील दिवाणजी होते. वडील जाऊन सतरा वर्षं झाली. त्यांना बघितलेला, त्यांच्या हाताखाली राबलेला माणूस या शहरात सुलभाक्कांना पहिल्यांदाच भेटत होता. "दिवाणजी लई मायाळू," खंडोजी म्हणाले, "पाऊस असला की आमास्नी वखारीतच झोपू द्यायचं." सुलभाक्कांचे डोळे भरून आले. माहेरचं कुत्रं दिसलं तरी बाईला बरं वाटतं, हा तर वडिलांच्या आठवणी सांगणारा माणूस. त्याला "बाहेर बसा" कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. कावेरी उभीच होती.

मागून कोणीतरी खाकरलं. रांग पुढे सरकवायला हवी होती. तेव्हा कुठे सुलभाक्कांनी, खंडोजींच्या देखतच, विचारल्यासारखं केलं. "काय गं पोरी, आणखी काही त्रास नाही ना?" आता सासऱ्यासमोर सून काय बोलणार, कपाळ? तिनं नाही म्हणून मान हलवली. पण त्याआधी तिनं पडद्याकडे पाहिलं, मग सुलभाक्कांकडे पाहिलं. ते सुलभाक्कांना दिसलं. पुढे त्यांनी स्वतःची कितीही समजूत घातली, तरी दिसलं होतं हे खरंच. आणि तरी हाताला सवय होती म्हणून दोन्ही चौकटींत खुणा पडल्या. पाळी वेळेवर. दुसरं काही नाही.

आतल्या डॉक्टर वल्लरी म्हैसूरकडच्या, वर्षापूर्वी रुजू झालेल्या, मराठीचा गंध नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली, पोट दाबून पाहिलं, पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि बुधवारी परत दाखवायला सांगितलं.

बुधवारी कावेरी आली ती ऑटोत आडवी. ओठ पांढरेफटक, नाडी हाताला लागेना. गर्भ पिशवीत न राहता नळीत अडकला होता, आणि नळी फुटून पोटात रक्त साठलं होतं. शिवकुमार डॉक्टरांनी तासाच्या आत तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं. सुलभाक्कांनी रक्तासाठी पाच ठिकाणी फोन केले आणि स्वतः जाऊन पिशव्या घेऊन आल्या. पोरगी वाचली. मूल गेलं, आणि एक नळी काढून टाकावी लागली.

सोमवारची चिठ्ठी काढून बघायला सुलभाक्कांनी संध्याकाळ केली. त्यांचंच अक्षर, त्यांच्याच निळ्या पेनाच्या दोन ठसठशीत खुणा. कपाटाला टेकून त्या खाली बसल्या, आणि आयाबाईनं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, चक्कर आली.

खरा छळ पुढेच होता. खंडोजी येता-जाता हात जोडू लागले. "गावचं माणूस व्हतं म्हणून आमची सून वाचली." एवढ्यावर थांबते तरी ठीक, त्यांनी गावाला फोन लावून घरोघरी ते पोचवलं. गुरुवारी निपाणीहून सुलभाक्कांच्या चुलतभावाचा फोन. "ताई, दिवाणजींचं नाव राखलंस बघ." सुलभाक्का "अरे, त्यात काय" म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी आली. घरी त्यांनी नवऱ्याला, मधुकररावांना, सगळं सांगून टाकलं. मधुकरराव सरकारी कारखान्यात जन्म काढलेला सरळ माणूस. ते म्हणाले, "जीव वाचला ना तिचा? मग झाकली मूठ. बावीस वर्षांत एक चूक, कोण धरून बसतंय." सुलभाक्कांना ते पटलं. पटलं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

मूठ झाकलेली राहिलीही असती. पण शुक्रवारी दुपारी त्या कावेरीला बघायला वॉर्डात निघाल्या आणि दाराशीच थबकल्या. आत खंडोजी सुनेला बोलत होते. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट.

"अक्कांनी इचारलं तवा तोंड उगडाय काय झालतं तुला? चिट्टीवर लिवलंय म्हनं, पाळी येळेवर. खोटं कशापायी सांगितलंस? मेली असतीस म्हंजे लोकांनी आमच्या तोंडात श्यान घातलं असतं."

कावेरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "चुकलं माजं, मामा."

सुलभाक्कांनी आत जायला हवं होतं. चार पावलं तर होती. त्या उलट्या फिरल्या, टेबलाशी येऊन बसल्या आणि पुढच्या पेशंटला नाव विचारलं. सोमवारची चूक एक वेळ चूक म्हणता आली असती. हे मात्र त्यांनी समजून उमजून केलं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी या हॉस्पिटलात एक बैठक असते. दुपारी पेशंट संपले की डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे कॉफीचे पेले घेऊन सतरंजीवर बसतात, आणि ज्यानं त्यानं महिन्यातली आपली एक चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. सुलभाक्कांच्या चुका आजवर तिळाएवढ्या असत. कधी एखादा नंबर वगळला, कधी दोन चिठ्ठ्या उलटसुलट गेल्या. सगळे हसायचे, त्याही हसायच्या. त्या शनिवारी वल्लरी डॉक्टर आधी बोलल्या.

"कावेरीच्या बाबतीतली चूक माझी आहे. चिठ्ठीवर पाळी वेळेवर होती, तरी मी लघवीची तपासणी करून घ्यायला हवी होती. मी पेशंटच्या शब्दावर विसंबले. बायका पडद्याआडसुद्धा खरं सांगत नाहीत, हे मी आता धरून चालणार." सव्वीस वर्षांची पोर ती.

"तिनं खोटं सांगितलं नाही," सुलभाक्का म्हणाल्या. "मी विचारलंच नव्हतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, कन्नडमध्ये, खाली मान घालून. वखारीपाशी आल्यावर त्या नकळत मराठीत घसरल्या आणि कुणी त्यांना थांबवलं नाही. वल्लरी डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. असू दे, असं त्या म्हणाल्या नाहीत. का म्हणावं?

शिवकुमार डॉक्टर म्हणाले, "तुमच्या खुणेवर आम्ही सगळे डोळे मिटून चालतो, सुलभाक्का." मग म्हणाले, "सोमवारी टेबलावर तुम्हीच बसायचं. पण तिच्या घरच्यांना हे तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही." उद्यापासून येऊ नका म्हणाले असते तर सुलभाक्कांना सोपं गेलं असतं. त्या तशाच उठल्या.

वॉर्डात खंडोजी कावेरीच्या उशाशी मोसंबं सोलत बसले होते. अक्कांना बघून सवयीनं उठायला लागले.

"बसा अण्णा. मला बोलायचंय, आणि हिच्यासमोरच बोलायचंय," सुलभाक्का म्हणाल्या. "हिनं काही लपवलं नाही. इथं बाईला एकटीला आत नेऊन विचारायची रीत आहे. त्या दिवशी तुम्हाला मी बाहेर बसवायला हवं होतं. बाबांचं नाव निघालं आणि मी माझं काम विसरले. हिला न विचारता मी चिठ्ठीवर खूण केली. सोमवारीच कळलं असतं, तर एवढ्यावर आलं नसतं. हिला बोलू नका. बोलायचं ते मला बोला."

खंडोजींच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं. "म्हंजे मी तितं च्या पीत बसलो व्हतो..." त्यांनी मोसंबं बशीत ठेवलं, हात धोतराला पुसले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "दिवाणजींनी असं कंदी केलं नसतं." मग गेले.

सुलभाक्का स्टुलावर बसल्या. कावेरी त्यांच्याकडेच बघत होती.

"मी विचारलं नव्हतं हे तुला ठाऊक होतं," सुलभाक्का म्हणाल्या. "मग चुकलं माझं, असं का म्हणालीस?"

"मामांनी सगळ्या गावाला तुमचं नाव सांगितलं हुतं. मग कसं बोलू मी?"

सुलभाक्कांना वर बघवेना. बुधवारपासून एकाच आशेवर त्यांनी दिवस ढकलले होते, आणि ती आशा किती हलकट आहे हे कळत असूनही त्यांनी विचारलंच. "खरं सांग बाळ. त्या दिवशी तुला आत नेऊन विचारलं असतं, तर सांगितलं असतंस? का लाजली असतीस?"

तिला अक्कांना दुखवायचं नव्हतं, ते दिसत होतं.

"मामा मला सरकारी दवाखान्यात न्यायला निघालते, अक्का. मीच इथं चला म्हटलं. आमच्या चाळीतल्या बायका सांगतात, तिथं एक अक्का बसतात, त्या गड्यांना बाहेर घालवतात आणि मग इचारतात म्हणून." तिनं पदरानं डोळे पुसले. "तीन आठवडं पाळी चुकलीती माजी. मी सांगायलाच आलते."