राणीताल ऊर्फ ढोरफेकी

चिटबॉय छातीपर्यंत चिखलात होता आणि मला हात जोडत होता. "आक्का, नाव नका सांगू."

माझ्या कानाला फोन होता. पलीकडं गावातून माझा भाचा संपत विचारत होता, "आत्या, दोर घिऊन निघालोय, पर यायचं कुठं?" मागं पुण्याची अकरा माणसं उभी होती. ती एकसारखी सांगत होती, "राणीताल म्हणा, राणीताल." मी म्हणाले. संपत म्हणाला, "राणीताल? आसलं आपल्याकडं काय न्हाई."

त्याचं बरोबर होतं. ते नाव चिटबॉयनं स्वतःच्या डोक्यातून काढलेलं. खरं नाव मला पक्कं माहीत होतं आणि ते मी पाहुण्यांसमोर घेऊ नये म्हणून हा माणूस बुडता बुडता गयावया करत होता.

तो साखर कारखान्यात चिटबॉय होता. ऊसवाल्या गावांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कुणाचा ऊस कधी लागला ते बांधाबांधानं फिरून लिहून घ्यायचं आणि वेळ आली की तोडणीची चिठ्ठी द्यायची, हे त्याचं काम. रिटायर झाला, दाढी पांढरी झाली, तरी तो चिटबॉयच. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि रेशनकार्डाला माहीत. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करायची.

चिठ्ठी लवकर मिळावी म्हणून जो तो त्याला चहा पाजायचा. तीस वर्षं हेच चाललं. त्यामुळं त्याला अंतर मैलात कळत नसे, चहात कळे. "हितनं तलाव तीन चहा," म्हणायचा. पुण्याच्या माणसांना वाटायचं, वाटेत तीनदा चहा मिळणार. तलावापाशी पोचल्यावर ती हळूच मला विचारायची. मी सांगायची, "चहा त्याच्या पोटात गेलाय, पंधरा वर्षांपूर्वी."

कासुर्डीच्या पुढं महामार्ग सोडून आत आलं की आमचा डोंगर लागतो. वर फॉरेस्टचं रान, रानात पाझर तलाव. तलावाच्या खालचा उतार बारा महिने पाझरतो, त्यामुळं तिथं डोंगरच चिबडलाय. वरून गवत हिरवंगार, खाली राबडा. एकदा पुण्याची चार माणसं वाट चुकून चिटबॉयच्या दारात आली. त्यानं त्यांना डोंगर फिरवून आणलं. मग दर पंधरा दिवसांनी रविवारी माणसं यायला लागली. चालण्यासाठी इतक्या लांबून मोटारीनं यायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण सुनेचा टीव्ही ऐकण्यापेक्षा बरं म्हणून मी पिठलं-भाकरीची पाटी घेऊन त्यांच्याबरोबर जायला लागले.

चिटबॉयची एक खोड होती. त्याला आमच्या डोंगरावरची नावं पाहुण्यांसमोर घ्यायची लाज वाटायची. गाढवलोळीला तो घोडदौड म्हणायला लागला. हागंदारीच्या माळाचा त्यानं पहाट पॉइंट केला. पुण्याच्या बायका तिथं उभ्या राहून सूर्याकडं हात पसरायच्या. आम्हीही तिथं चाळीस वर्षं सूर्य उगवताना बघितला होता, पण हातात टमरेल असायचं.

मी त्याला म्हणाले, "अरे, लोकांना कशाला फसवतोस?"

"नाव चांगलं आसलं की पाय दुखत न्हाईत, आक्का."

सगळ्यांवर कडी म्हणजे राणीताल. तलावाखालच्या चिबडात एक मोठा खड्डा आहे. त्याचं नाव ढोरफेकी. गावातलं जनावर मेलं की ओढत तिथं न्यायचं. माझ्या सासऱ्यांचे दोन बैल आणि माझी एक म्हैस तिथंच गेली. वीसेक वर्षं झाली, आता कुणी काही टाकत नाही. खड्डा गाळानं भरला, वर लव्हाळं माजलं आणि जागा दिसायला देखणी झाली. तिथं सावली होती म्हणून चिटबॉय मला तिथं पिठलं वाढायला लावायचा आणि सांगायचा, इथं राणी अंघोळीला यायची.

मी विचारलं, "कुठली रं राणी?"

"आजून ठरलं न्हाई."

दर खेपेला राणी बदलायची. पायऱ्या मात्र कायम. "खाली दगडी पायऱ्या हायेत, एकवीस. गाळानं बुजल्यात," असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. पुण्याच्या लोकांनी टोप्या करून आणल्या, त्यांवर राणीताल छापलेलं. फोनमधल्या नकाशातही ते नाव गेलं. चिटबॉयला एक टोपी मिळाली. ती तो घरातही घालायचा. त्याची बायको, आमची भाभी, म्हणायची, "राणीका नोकर आया."

पण चालण्यात तो खोटेपणा करत नसे. भिजल्या उसातून जन्म गेलेला, त्यामुळं पुढं पाऊल टाकायच्या आधी टाच दाबून जमीन बघायचा. "हितं या," म्हणाला की तिथं पाय ठेवावा. इतकी माणसं त्यानं त्या चिबडातून नेली, कुणाचा घोटासुद्धा बुडला नाही.

त्या दिवशी भाद्रपदाचं ऊन होतं. जेवणं झाली होती. एका जाडजूड गृहस्थाला लव्हाळ्यात कसलासा पक्षी दिसला. कॅमेरा घेऊन तो खड्ड्याकडं निघाला. चिटबॉय ओरडला, "सायेब, तिकडं नका जाऊ."

"का हो? पायऱ्या आहेत ना खाली?"

आता खरं सांगायचं तर मेलेल्या ढोरांचा विषय काढावा लागणार. चिटबॉय टोपी सरळ करत राहिला. तेवढ्यात गृहस्थ कमरेपर्यंत आत. मग मात्र चिटबॉयनं टाच दाबून बघितली नाही. धावत गेला, मागून धरून त्याला काठाकडं खेचलं आणि त्या झटक्यात स्वतः पुढं गेला. गृहस्थाला बाकीच्यांनी ओढून घेतलं. चिटबॉयपर्यंत कुणाचा हात पोचेना.

तर फोन माझ्या कानाला होता.

"आक्का, जेवलीत समदी हितं," तो म्हणाला. "इज्जत जाईल माझी."

"तू गेल्यावर इज्जत काय मी सांभाळू?" मी म्हणाले आणि फोनमध्ये ओरडले, "संपत, ढोरफेकी. ढोरफेकीला ये."

"मंग आसं म्हना की," संपत म्हणाला आणि फोन ठेवला.

चिटबॉयनं डोळे मिटून घेतले. चिखल काखेपर्यंत आला होता. पुण्याच्या लोकांच्या जेवायच्या चटया मी एकापुढं एक टाकल्या आणि पालथी पडून सरकत गेले. मी वजनानं काहीच नाही, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. त्याची मनगटं धरली. चटई खचली आणि मीही कमरेपर्यंत गेले.

"हलू नको," मी म्हणाले.

"कशाला हलू. आता वर यिऊन तोंड कुनाला दावू?"

"भाभीला दाव. तिचा नोकर मेला म्हणून सांगायला मी जाणार नाही."

मागून एका मुलीनं विचारलं, "आजी, ढोरफेकी म्हणजे?" मी मान न वळवता सांगितलं. मग कुणाला तरी उलटी झाल्याचा आवाज आला. चिटबॉय म्हणाला, "ऐकलंत? पिठलं गेलं."

त्याचे हात गार पडत चालले होते. मी त्याला शिव्या देत राहिले, तो उत्तरं देत राहिला. उत्तर यायला उशीर झाला की मी मनगट पिळायची. संपत आणि तीन गडी गोठ्याचं दार आणि विहिरीचा दोर घेऊन आले. दार चिखलावर सरकवलं, काखेत दोर घातला आणि त्याला मुळ्यासारखं उपटलं. मग मला. एकही पायरी लागली नाही.

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी दारात येऊन बसला. "आक्का, त्यांचा फोन आला. पंचवीस जण येत्यात. ढोरफेकी बघायची म्हणत्यात."

"मग दाखव की."

"माझी राणी मेली. तुमच्या म्हशीनं खाल्ली."

पुढं तीन वर्षं त्यानं खरी नावं सांगत माणसं फिरवली. हागंदारीच्या माळावर मात्र नाव सांगायचं काम माझ्याकडं ठेवलं.

गेल्या उन्हाळ्यात तो दौंडला लेकीकडं वारला. शुगर होती. मातीला पुण्याची माणसं आली होती. कबरस्तानात बायका जात नाहीत, म्हणून भाभीपाशी मी घरात बसले. माती झाल्यावर तो जाडजूड गृहस्थ आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याला खाली बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्या चिखलात आम्ही तिघं गेलो होतो आणि तिघंही जिवंत बाहेर आलो.