कोरडा फड

जळगावच्या कॉलेजात उत्क्रांती आणि ग्रामविकास यांची सांगड घालणारं व्याख्यान ठोकून मी धुळ्याची एसटी धरली. जी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती परिस्थितीशी जुळवून घेतलेली असते, असं छातीठोकपणे सांगून आलो होतो. पुरावा पांझरा नदीकाठच्या एका गावात होता. तिथे बंधाऱ्याखालची जमीन चार फडांत (शेतांच्या सलग गटांत) विभागलेली. पाणी कमी असलं की एक अख्खा फड कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा चारही फडांत, त्यामुळे झळ सर्वांना सारखी. मी या कल्पनेच्या प्रेमातच पडलो होतो.

वाटेत एसटीचं चाक पंक्चर झालं. गावात पोचलो तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. नाना पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारे) यांनी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा वाढला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"इतलं पानी तर यंदा नदीमा बी नही," नाना म्हणाले, पण हसले नाहीत. खालचा फड आज बंद करायचा होता.

पाटावर सगळं गाव जमलं होतं. नानांनी खालच्या फडाकडे जाणाऱ्या पाटाचं तोंड बंद करायला फळी उचलली, तोच एक प्रौढ बाई पाटात उतरून आडवी उभी राहिली. सगळे तिला आक्का म्हणत होते.

"नाना, फळी टाका. मना पायवर टाका."

"वहिनी, नियम बठ्ठासले (सगळ्यांना) सारखा शे!" काठावरून तिचा दीर ओरडला.

"शे ना, भाऊ. पन मनी बठ्ठी जमीन याच फडमा, तुनी बठ्ठी वरला फडमा. मी काय खाऊ?"

आक्काचा नवरा गेल्यावर तिने आणि दिराने वाटणी केली होती, असं शेजारच्याने मला सांगितलं. चार ठिकाणी चकरा नकोत म्हणून आपसांत आणि इतरांशीही तुकड्यांची अदलाबदल करून प्रत्येकाने आपली सगळी जमीन एकाच फडात घेतली होती. सोय झाली, आणि फडपद्धतीचा कणाच मोडला. दोन तरुण तिला ओढायला खाली उतरले. नियम मोडला तर कुणाचंच पीक हाती लागणार नव्हतं. पाळला तर ही बाई उपाशी. मला खरोखर भीती वाटली.

नानांनी फळी खाली ठेवली. दिराकडे पाहून विचारलं, "वाटनी कोनी करी?"

तो म्हणाला, "आम्हीच. वहिनी, वर ये. वरला फडमा अर्धं तुनं, खालना फडमा अर्धं मनं."

आक्का हलली नाही. "पहिले बांध घाल. मंग येसू."

तो कुदळ घेऊन वरच्या फडात गेला आणि स्वतःच्या कोवळ्या गव्हातून मधोमध बांध घालू लागला. माती बऱ्यापैकी वर आल्यावरच आक्का पाटातून निघाली. नानांनी फळी टाकली.

पुण्याला परतल्यावर बायकोने विचारलं, "काय पाहिलंत एवढं?"

मी म्हटलं, "एक अख्खा फड कोरडा राहिला. पण घर एकही उपाशी राहणार नाही."