सर्बियन साहेबांचं ‘ने’

आमच्या कुवेतच्या ऑफिसातले सर्बियन आर्किटेक्ट पंपाच्या खोलीलासुद्धा कमान आणि लाल-पांढरे पट्टे काढायचे. त्यांच्याकडच्या जुन्या मठांची ती पद्धत, आणि ती पुन्हा जिवंत करायचा त्यांना ध्यास.

एकदा मी वॉचमनच्या केबिनचं साधं, सपाट ड्रॉइंग दाखवलं. “ने, ने,” म्हणाले. मी नेलं, आणि साइटवर केबिन उभी राहिली. त्यांच्या भाषेत ‘ने’ म्हणजे ‘नाही’, हे मागाहून कळलं.

साहेब चिडले नाहीत. शुक्रवारच्या सुट्टीत ब्रश घेऊन आले आणि केबिनवर स्वतः कमान, पट्टे रंगवून गेले. शनिवारपासून रत्नागिरीचा वॉचमन चपला बाहेर काढून आत बसू लागला.

बिल्डिंगच्या मालकाने ते झाकायला पांढऱ्या रंगाचा डबा पाठवला. साहेब डब्याकडे बघून म्हणाले, “ने.”

ह्या खेपेला दोन्ही भाषा जुळल्या. मी डबा परत नेला.