तिवराच्या पानांची सरासरी

गेल्या वर्षी माझी मैत्रीण गेली. ती मुलुंडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी घाटकोपरला. जीवशास्त्राची मुलं गणिताला घाबरतात आणि आपण शिक्षक त्याहून जास्त, असं ती म्हणायची. म्हणून तिने आसपासच्या कॉलेजांतल्या शिक्षकांचा गट जमवला. महिन्यातून एकदा भेटायचं, मुलांनी स्वतः मोजून हिशेब करायचे प्रयोग बसवायचे, ते आपापल्या वर्गात घ्यायचे. विक्रोळीच्या खाडीकाठच्या तिवराच्या पानांची लांबी मोजून तिने पहिला प्रयोग तयार केला. नमुना म्हणून स्वतःची मापं गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि मग आजारी पडली.

गट मी चालवायला घेतला. मला माणसं जमवता येत नाहीत. तरी परवाच्या शनिवारी चौघं आली. भांडुपचे सर खुशीत म्हणाले, "मॅडम, प्रयोग झकास झाला! आमच्या आणि नाहूरच्या सगळ्या मुलांची सरासरी सेम आली."

"सेम कशी येईल सर? पानं वेगळी ना?"

"पानं कोण आणत बसणार? ग्रुपवर मापं होती, तीच लिहून दिली. उत्तरं जुळली नाहीत तर बाहेरचा परीक्षक आमची वाट लावतो."

त्यांचं खोटं नव्हतं. एका बाकावरच्या दोघांचे आकडे वेगळे आले की जर्नलवर लाल शेरा पडतो. पण पानं वेगळी असतात, आणि ती किती वेगळी हेच तर काढायचं होतं. मी ते पुन्हा समजावलं. सगळ्यांनी माना डोलावून चहा घेतला. एवढ्या कष्टाने तिने माणसं जोडली, ती काय एकमेकांना तयार उत्तर पोचवायला?

घरी आल्यावर मी सरांना कळवलं, मापं ग्रुपवरून काढतेय. लगेच फोन. "राहू द्या हो मॅडम. त्यांची तेवढीच आठवण आहे."

तेवढीच होती. एका मापापुढे तिने लिहिलं होतं, 'किडीने खाल्लंय, तरी मोजलं.' ते कुणीच उतरवून घेतलं नव्हतं.

मी मापं काढून टाकली. मग लिहिलं : पुढच्या भेटीला प्रत्येकाने आपल्या आवारातल्या झाडाची पानं मोजून आणावीत.

संध्याकाळी नाहूरच्या मॅडमचं उत्तर आलं, "सगळ्यांनी एकाच झाडाची आणूया का? म्हणजे जुळेल."

मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले.