गोड झालेली विहीर

माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. तिकडे पाणी गोड. लग्न होऊन अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेकाठच्या या गावात आले आणि पहिल्याच सकाळी सासरी छाप पाडावी म्हणून चहा करायला घेतला. अंगणातल्या विहिरीचं पाणी शेंदलं, आधण ठेवलं, दूध घातलं आणि दूध फाटलं. मी रडायच्या बेतात. मागे सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"त्या पाण्याचा च्या नाई होत वो बाई," त्या म्हणाल्या. "त्यानं भांडे घासनं होते फक्त."

ती विहीर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्वतः खणलेली. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना दोर टाकू देत नसत. त्यांचे वडील रिकामी घागर घेऊन बसून राहायचे, वरच्या आळीतलं कुणी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. ते बघत मामाजी मोठे झाले. मिसरूड फुटल्यावर धाकट्या भावाला हाताशी घेऊन त्यांनी स्वतःच्या दारात विहीर खणायला घेतली. पाणी लागलं तेव्हा आख्खी आळी जमली. मामाजींनी पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. खारट! पुढची पन्नास वर्षं गावानं त्यांची त्यावरून टिंगल केली. सासूबाई तर त्या वाकड्या तोंडाची नक्कल करून दाखवायच्या. मामाजीही हसायचे, पण विहिरीचा विषय निघाला की हसून झाल्यावर उठून एकदा विहिरीत डोकावून यायचे, हे मी पाहिलं होतं.

माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी एकच अट घातली होती. घरात संडास पाहिजे. मामाजींनी ती इतकी मनावर घेतली की विचारू नका. आमच्याकडची काळी माती चिवट, तिच्यात पाणी जिरत नाही. म्हणून त्यांनी माती ओलांडून खालचा मुरूम लागेपर्यंत, चांगला वीस फूट खड्डा खणला. विहीर खणलेला माणूस, त्यांना खोलीचं काय! "सुनेले पन्नास वर्सं पाहाचं काम नाई," असं ते पाहुण्यांना सांगत. मग गावात तशी चढाओढच लागली. कुणाचा अठरा फूट, कुणाचा बावीस. आमचा खड्डा कधी भरला नाही, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता. मग त्यातलं सगळं जातं कुठं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि मी तर तालुक्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. गावोगावच्या बाटल्या आणते, त्यांवर चिठ्ठ्या लावते, लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते.

पुढे गावात घरोघर नळ आले. लांबच्या धरणाचं गोड पाणी, आठवड्यातून एकदा येई. नळाच्या दिवशी गाव धुऊन निघायचं. कपडे, गोधड्या, म्हशी, मोटारसायकली. आमच्या न्हाणीचं पाणीही त्याच वीस फुटी खड्ड्यात सोडलेलं होतं.

लग्नाला बारा वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात एका सकाळी मामाजी अंगणातून ओरडले, "बाई, इकडे ये वो लवकर!" मला वाटलं साप निघाला. धावत गेले तर हातात पाण्याचा गडवा धरून लहान पोरासारखे हसत होते. "पिऊन पाह्य."

प्याले. खारट नव्हतं. थोडं मचूळ, पण पिता येईल असं. दुपारी सासूबाईंनी त्या पाण्यात तुरीची डाळ शिजवली. आमच्याकडे पाण्याची परीक्षा डाळ करते, खाऱ्या पाण्यात ती तासभर टणक राहते. त्या दिवशी लोण्यासारखी मऊ शिजली. सासूबाईंनी विहिरीला हळदकुंकू नाही लावलं, आमच्यात ते नाही, पण कठड्यावर कण्हेरीची फुलं ठेवली. मामाजी कितीतरी वेळ त्या फुलांजवळ बसून होते.

नळ आठवड्यातून एकदाच, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी आमची आळी आली. मग एका संध्याकाळी वरच्या आळीतल्या काकू सुनेला घेऊन आल्या. त्यांच्याच घरच्यांची वाट पाहत मामाजींचे वडील एकेकाळी बसलेले असायचे. काकू आता सत्तरीच्या, गुडघे धरून चालणाऱ्या. त्यांनी बिचकतच विचारलं, "भाऊ, एक घागर भरू का?"

मामाजींनी त्यांच्या हातातली घागर घेतली, स्वतः शेंदून भरली आणि त्यांच्या सुनेच्या डोक्यावर ठेवली. त्या रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले. त्यानंतर रोज संध्याकाळी विहिरीवर बायकांची गर्दी. मामाजी स्वच्छ धोतर नेसून कठड्याशी उभे. त्यांना इतकं सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकी त्याच महिन्यात पोरांची पोटं बिघडू लागली. आधी माझ्या मुलीचं, मग शेजारच्यांचं, मग काकूंच्या नातवाचं. सगळ्यांनी आंब्यांवर खापर फोडलं. मीही फोडलं. खरं सांगते, माझ्या मनात शंका आली होती. उन्हाळ्यात सगळ्या विहिरी जास्त खारट होतात, मग आमचीच गोड कशी झाली? शिवाय नळाच्या दिवसानंतर ती अजूनच गोड लागायची. पण मामाजींचं तोंड बघितलं की मी दुसरंच काहीतरी काम काढायची. दुसऱ्यांच्या विहिरी तपासायला काय जातं! घरची तपासायची मला भीती वाटत होती, आणि त्या भित्रेपणाचा मला आजही राग येतो.

मुलीला सलाइन लागलं तेव्हा मात्र मी जागी झाले. प्रयोगशाळेतून तपासणीचं औषध घातलेली एक छोटी बाटली आणली. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि एक-दोन दिवस ठेवायचं. पाण्यात घाण मिसळत असेल तर ते काळं पडतं. मी बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे लपवून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिली तर काजळासारखी काळी.

मामाजींना मी परसात नेलं. संडास दाखवला, तिथून विहिरीपर्यंत पावलं टाकून दाखवली. जेमतेम पंधरा. "खड्डा खालच्या पाण्यापर्यंत गेला आहे मामाजी. नळाचं गोड पाणी आपण वापरतो, ते घाण घेऊन खाली उतरतं आणि विहिरीत येतं. म्हणून ती गोड झाली."

ते खड्ड्याच्या झाकणाशी उकिडवे बसले. म्हणाले, "म्हंजे तुह्यासाठी खंदलेला खड्डा."

मला रडू कोसळलं. मीच मग म्हटलं, "लोकांना काही सांगू नका. दोर तुटला म्हणा, गाळ काढायचा आहे म्हणा. मी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते."

"काहून? खोटं काहून बोलू?" ते चिडले. "त्याहीचे पोट्टे बिमार पडून राहिले."

माझी भीती वेगळी होती. आमच्या घरानं वरच्या आळीला संडासाचं पाणी पाजलं, हे त्या आळीत कोणत्या भाषेत बोललं जाईल, ते मला चांगलं ठाऊक होतं. मामाजींना तर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

संध्याकाळी बायका जमल्या. मामाजींनी दोरावर हात ठेवला. "थांबा. आजपासून हे पाणी पेऊ नका. माह्या संडासाची घाण या विहिरीत उतरून राहिली. म्या थे तुमाले पाजलं. मले मालूम नोतं, पण चूक माही हाय."

एका बाईनं भरलेली घागर तिथेच उपडी केली आणि वळूनही न बघता निघून गेली. मामाजींची मान खाली गेली. मी पुढे होणार, एवढ्यात काकूंनी विचारलं, "भाऊ, तुमचा संडास किती फूट हाय?"

"वीस."

"आमचा बावीस," काकू म्हणाल्या आणि कठड्यावर टेकल्या. "आन् आमचं बोअरचं पाणी बी दोन वर्सापासून गोड लागते. मले वाटलं, देव पावला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वो बाई, आमच्या पाण्याची बी एक बाटली भर बरं."

त्या आठवड्यात माझ्या फळीवर नऊ बाटल्या होत्या. सात काळ्या पडल्या. काकूंची तर सगळ्यांत आधी.

त्यानंतर जे झालं ते मामाजींनी केलं, मी फक्त बडबड केली. खोल खड्डा त्यांनी मुरूम भरून बुजवला. त्याच्या जागी, विहिरीपासून लांब, दोन उथळ खड्डे केले, चार-चार फुटांचे, भोवती रेती-गिट्टीचा जाड थर. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. तोवर पहिल्यातल्या घाणीचं खत होतं. न्हाणीचं पाणी केळी आणि कढीपत्त्याला सोडलं. विहीर उपसून तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली. मग हातात फावडं घेऊन मामाजी दारोदार गेले. ज्यांना कमी खणायचं कसं ते समजत नव्हतं, त्यांच्या खड्ड्यात स्वतः उतरून "बस, आता थांब," असं सांगायचे. विहीर खणलेल्या माणसाला एवढ्यावर थांबायचं शिकवावं लागतं, असं ते स्वतःच हसून म्हणत. सगळ्यांनी ऐकलं नाही. चार घरं अजून अडून बसली आहेत. घागर उपडी करणारी बाई मात्र खड्डा बदलणाऱ्या पहिल्या पाचांत होती.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावातल्या बाटल्या आमच्या विहिरीच्या कठड्यावर जमतात. तसं काही ठरवलं नव्हतं, कठडा रुंद आहे आणि वर निंबाची सावली आहे, म्हणून. मामाजी चिठ्ठ्या लावतात. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. चहा मी करते, नळाच्या पाण्याचा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमची बाटली दोन दिवस ठेवूनही काळी पडली नाही. मामाजींचा विश्वास बसेना. त्यांनी विहिरीचं पाणी उकळून, गार करून आणायला लावलं आणि कठड्यावर सगळ्यांसमोर घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं, अगदी सासूबाई नक्कल करून दाखवायच्या तसं.

काकूंनी गडव्यासाठी हात पुढे केला. "आना इकडे."

"नका पेऊ वयनी, खारं हाय."

"आना म्हणते ना."

त्यांनी त्याच गडव्यातून मोठा घोट घेतला, डोळे घट्ट मिटून गिळला आणि पदरानं तोंड पुसलं.

"लय खारं हाय हो भाऊ," त्या म्हणाल्या आणि गडवा खाली न ठेवता आणखी एक घोट प्याल्या.