सेल्मरची नकारघंटा

आमच्या बर्फाळ मिनेसोटातल्या माणसाला काही हवं असलं, की तो आधी नको म्हणतो. कॉफी विचारा, "नको, उगाच कशाला." पुन्हा विचारा, "खरंच नको." तिसऱ्यांदा विचारलंत, तर कपाबरोबर दोन बिस्किटंही उचलेल. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा आमच्यात हावरट ठरतो. आणि सेल्मर ट्वेट म्हणजे या बाबतीत आम्हा सगळ्यांचा बाप.

गेल्या हिवाळ्यात तो बायकोला, आर्डिसला, घेऊन, माझ्यासारखाच थंडीला कंटाळून, इथं वाळवंटातल्या यूमाला आला आणि माझ्या शेजारचं घर भाड्यानं घेऊन राहिला. आल्या आल्या या पठ्ठ्यानं काय करावं? रोज रात्री नळ ठिबकत ठेवायला लागला. का, तर पाइप गोठून फुटतील! दारात लिंबं लगडलेली.

"अरे बाबा, या वाळवंटात गोठायला आहे काय?" मी म्हटलं.

"नाही, पण असू दे," म्हणाला.

आर्डिसला मात्र हे ऊन मानवलं. संधिवातानं तिची बोटं अशी आखडली होती, की तिकडं कोटाची बटणंसुद्धा सेल्मरच लावून द्यायचा. नाताळ उलटला आणि बाईनं पलंगाखालून अकॉर्डियन ओढून काढलं. कित्येक वर्षांनी! आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये वाजवायला लागली तशी अर्ध्या चड्डीतली सगळी म्हातारी मंडळी उठून नाचली. मी तर ढसाढसा रडले. लाज कसली त्यात?

"कसं वाटलं?" मी सेल्मरला विचारलं.

"वाईट नाही," तो म्हणाला. आमच्याकडं याहून मोठी शाबासकी नसते.

मार्चमध्ये त्यांचा घरमालक रूडी एस्कालांते आला, तेव्हा मी त्यांच्याकडंच बसले होते. तो इथलाच, सरळ बोलणारा.

"सेल्मर, घर विकायचंय. कॅल्गरीचं एक जोडपं मागतंय, पण आधी तुम्हाला विचारतो. घेता का?"

"छे छे, आमच्यासाठी कशाला अडून राहतोस?"

"बरं," म्हणून रूडी चालता झाला. आर्डिस पांढरीफटक पडली. मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "गेलं गं घर. आता परत तीच थंडी आणि तीच बोटं."

"मग तू का नाही बोललीस?"

"त्यानं विचारल्याबरोबर हो म्हणू? बरं दिसतं का ते?"

मी कपाळावर हात मारला आणि सपाता फटफटवत धावले. फाटकाशी रूडीची गाडी अडवली.

"परत चल. पुन्हा विचार."

"अहो लव्हर्न, ते नाही म्हणाले की!"

"एकदाच म्हणालेत. आमच्यात तीनदा विचारावं लागतं."

"तुमच्याकडं लग्नं तरी कशी जमतात हो?"

"उशिरा," मी म्हटलं. "चल आता."

त्यानं पुन्हा विचारलं. सेल्मर म्हणाला, "खरंच नको, त्या लोकांचा हिरमोड होईल." तेवढ्यात रूडीचा फोन वाजला. कॅल्गरीवालेच! "हो, घर मोकळं आहे," रूडी बोलायला लागला आणि आर्डिस किंचाळली,

"थांब! घर आम्हाला हवंय! मला हवंय!"

जन्मात या बाईनं ताटातला शेवटचा केकचा तुकडा उचलला नव्हता. कानापर्यंत लाल झाली बिचारी.

सेल्मर गोंधळला. "अगं, मी हो म्हणतच होतो की."

"कधी? दोनदा नाही म्हणालास!"

"मग? पुढच्या वेळेला म्हणणार होतो." तो तिच्याकडं वळला. "तू वाजवायला लागलीस, आर्डिस. तुला मी त्या बर्फात परत नेईन असं वाटलं तुला?"

तिला हसू की रडू कळेना. तिनं रूडीचा हात धरला आणि व्यवहार पक्का म्हणून असा करकचून दाबला, की तो बिचारा "आई गं!" म्हणून ओरडला.