चिंचेनं घासलेलं नाणं

मांजरसुंब्याच्या नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या मामांच्या खिशात टाकसाळीत चुकलेलं एक नाणं असायचं, दोन्ही बाजूंना सिंहच उमटलेलं. तज्ज्ञांकडं फी भरून पाठवलं आणि खरं असल्याचा दाखला मिळाला, तर ते विकून लेकीला अंबाजोगाईला नर्सिंगला घालता येणार होतं. "पाठवू का बे? फी फुकट गेली तर?" मामा रोज विचारायचे.

शाळा सोडून, घरापासून एवढ्या लांब आलो तेव्हा पहिली भाकर त्यांनीच दिलेली, म्हणून मी मोबाईलवर चौकशी केली. घासलेल्या नाण्याला किंमत राहत नाही, हे सांगायला गेलो, तर नाणं चिंचेनं लख्ख केलेलं, वर हळदकुंकू.

"पाठवायचं ठरलं. परगावी धाडायचं, मग अंगूळ नको?"

मी भीत भीत सांगितलं.  मामांनी ग्रीसनं काळा झालेला अंगठा नाण्यावरून हळूहळू फिरवला.

"आता चालंल का बे?"